मामंजी पाणी पीत नाहीत

७ जानेवारी
मामंजींना शौचाला होऊन आठवडा होत आला. खुब्याच्या ऑपरेशनपासून अंथरुणातच आहेत. जन्मभर मेंढरांमागं डोंगर तुडवलेला माणूस! घरात मी एकटी. नवरा नाथा कडा गावी, साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. सासूबाई असत्या तर त्यांना तरी सांगितलं असतं. मी विचारलं की तोंड भिंतीकडं.

८ जानेवारी
सिरसाळ्याला डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. म्हणाल्या, दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतं. शुगर, किडनीचं काही आहे का विचारलं. नाही म्हटलं. गोड पातळ औषध दिलं — सकाळ-संध्याकाळ, मापानं. 'हे आतड्यात पाणी ओढतं, मळ मऊ करतं. म्हणून वरून पाणी पाजत राहा. लगेच होणार नाही, दोन दिवस लागतील. घाईनं जास्त देऊ नका. पोट फुगून घट्ट झालं, उलट्या झाल्या — तर बंद, आणि थेट इकडं.'

९ जानेवारी
काही नाही. पोटात नुसती गुरगुर. पाणी दिलं तर दोन घोट, मग पेला बाजूला.

१० जानेवारी
सकाळी बघते तर बाटली अर्धी! उशाशी ठेवायलाच नको होती.
'जित्राबाला आमी नळीनं औशीद पाजतो. एवढ्याशा मापानं काय व्हतंय?' — हे मला नाही, छताला सांगितलं.
दुपारपर्यंत अंथरूण भरलं. पुन्हा भरलं. धुतलं, पुसलं, चादर बदलली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी. मला दिसलं नाही असं केलं.
डॉक्टरीणबाईंना फोन लावला. औषध बंद. ओआरएसचं पाणी थोडं थोडं पाजा. पीत नसले, गळून गेले, तर घेऊन या.

११ जानेवारी
पीत नाहीत! ओठ सुकलेत. गाडी सांगू का म्हटलं, तेव्हा बोलले.
'पेलं की पुना उचलावं लागतंय. सुनंनं उचलायचं? त्यापरीस मेल्यालं बरं.'
म्हणजे पहिल्यापासून पाणी टाळत होते ते यासाठी. आणि मी नुसत्या गोळ्यांना बोल लावत बसले.
लई राग आला. म्हटलं, 'काल समदं मीच धुतलं. मी मेले का? तुमी मेलात का? प्या.'
त्यांनी पेल्याला हात लावला.

१२ जानेवारी
पितायत. जुलाब थांबले.

१५ जानेवारी
डॉक्टरीणबाईंना विचारून औषध परवापासून पुन्हा चालू, माप कमी करून. बाटली माझ्या कपाटात. आज शौचाला नीट झाली, कुंथणं नाही. मामंजी उन्हाला टेकून बसले, भाकरी मागितली.

१८ जानेवारी
नाथा आला. बापाला उचलायला वाकला तर त्याचा हात झटकला — 'तू सर. तुला जमायचं न्हाई. बबिताला बोलव.'
नाथा माझ्याकडं बघत राहिला. या घरात आल्यापासून मामंजींच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं.
पदर खोचला, गेले.