आईनं केलेलं आजीचं काम

बजाजनगर,
१२ जानेवारी २०२५

ती. आजीस,
विशाखाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आमच्या कंपनीतल्या आम्ही पाच जणी महिला दिनाला नाटक करतोय. लिहिलंय मी. आजी, आई आणि मुलगी, तीन पिढ्यांच्या बायका. त्यातली आजी म्हणजे तूच. तिला कधी कुणी बोलू दिलं नाही, म्हणून ती शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून पदरानं डोळे पुसते. हे काम आमच्यातली श्रेया करते, आणि तालमीत सगळ्या जणी रडतात. सोबत प्रत पाठवतेय. चष्मा लावून वाच आणि कसं वाटलं ते कळव.

आईची अंगणवाडी जोरात आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
विशाखा


सोयगाव,
२३ जानेवारी २०२५

चि. विशाखास अ. उ. आ.

नाटक दोनदा वाचलं. मी कवा गं कोपऱ्यात रडत बसले? बसायला येळ तरी कुठं व्हता?

आता खरं ऐक. तुझी आई लग्न करून आली तवा नववी शिकलेली. तिला दहावीला बसायचं व्हतं. पर परीक्षेच्या टायमाला तू पोटात. पोटुशी बाई पेपरला गेली तर लोक हसतील, असं म्हणून मीच तिला अडवलं. ती नुसती भाकरी थापत राह्यली. मला ते वर्षभर लई टोचलं.

दुसऱ्या साली मीच तिला फारम भरायला लावला. तुझ्या आजोबानं इचारलं, घरचं कोण बघंल? म्हणलं, तुम्ही. पेपर चालू असला की मी तुला घेऊन शाळंबाहेर लिंबाखाली बसायची. आजोबानं आठ दिस सैपाक केला. पिठल्यात नुसत्या गुठळ्या, पर समद्यांनी गुमान खाल्लं. अन् तुझी आई पास झाली.

हे लिही. माझी चूक बी लिही, ती गाळून मला शाणी करू नको. तुझ्या आईला माझं चुकलं असं कधी म्हणले नाय, तेवढं राह्यलंच.

जिवाला जपा समदे.

तुझी आजी,
मनकर्णा


बजाजनगर,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. पिठल्यापाशी ती इतकी हसली की खाली बसली. यातलं तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं.

नाटक नव्यानं लिहिलंय. आजीचं काम मीच करणार, असं आईनं जाहीर केलंय. तिचं म्हणणं, श्रेयाला नुसतं रडता येतं. मी आईचं काम करतेय. आई सध्या घरभर तुझ्यासारखी कमरेवर हात ठेवून चालते, बाबांना तुझ्या आवाजात दम देते.

८ मार्चला शनिवार आहे. बाबा घ्यायला येतील, गुडघ्यांचं निमित्त सांगू नको. रागावू नको, लोभ कर.

तुझी,
विशाखा


सोयगाव,
११ मार्च २०२५

चि. विशाखास अ. उ. आ.

सुखरूप पोचले. गुडघे दुखतात, पर जीव लई हलका झालाय.

तुझी आई गाठोडं खांद्यावर टाकून आली, तवा लोक हसले. मी बी हसले. हुबेहूब मीच. मग ती तुझ्या म्होरं उभी राह्यली अन् मला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणली, “त्या साली मी तुला अडवलं. माझं चुकलं.” पंचवीस वर्सं माझ्या तोंडून जे निघालं नाय, ते तिलाच म्हणावं लागलं. मग मला बसवंना. स्टेजवर कशी चढले, ठावं नाय. तुझं म्होरलं भाषण राह्यलं, त्याची माफी कर. पर तिचा हात धरून ‘माझं चुकलं’ हे मी माझ्या तोंडानं म्हणले. टाळ्या लई झाल्या म्हणतात. मला ऐकू आल्या नाय, हात दिसले.

सकाळी स्टँडवर तुझी आई माझ्या कानाशी तोंड आणून म्हणली, “त्या साली माझा अभ्यासच झाला नव्हता. गणित तर उघडलंच नव्हतं. गेले असते तर नापासच झाले असते, तुम्ही अडवलंत म्हणून अब्रू राहिली.” मी पंचवीस वर्सं झुरले, अन् ही बया मनात खूश. दोघी इतक्या हसलो की कंडक्टर गाडी सोडायचा थांबला.

हे मातर नाटकात घालू नको.

मायेनं आठवण ठेव.

तुझी आजी,
मनकर्णा