समुद्रघोडा रजेवर

३ मार्च
उद्यापासून बायको पुन्हा कामावर. घरात मी आणि सात महिन्यांची छोटी. सासूबाई यायला निघाल्या होत्या, फोनवर ठणकावून नको म्हटलं. छोटी मला बघून भोकाड पसरते हे खरं, पण तो सवयीचा प्रश्न. माझी रजा संपेपर्यंत माझ्याशिवाय राहणार नाही ती. शिवाय आमच्या संग्रहालयाचा फलकही लिहून होईल: ठिपक्यांचा समुद्रघोडा आणि फळं खाणारं वटवाघूळ, तुलना.

४ मार्च, सकाळ
फलक झकास चाललाय. समुद्रघोड्यात नर पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवतो, बाळंतही तोच होतो. वटवाघळात सगळं आईच्या गळ्यात. मी कुठल्या बाजूचा, हे उघड आहे.

दुपार
छोटी रडतेय. भूक नाही, लंगोट कोरडा, ताप नाही. खोलीत फक्त मी आहे.

५ मार्च
झोळी पोटाला बांधून छोटीला आत ठेवलं. साक्षात समुद्रघोडा! तिने चष्मा ओढून फेकला. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, दे इकडे. त्यांच्याकडे जाताच गप्प. काकूंचा आवाज जाड आहे, त्याचा परिणाम. उद्यापासून मीही जाड आवाजात बोलणार.

६ मार्च
जाड आवाज बंद. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.
संध्याकाळी बायको आली. खांद्यावरची पर्स न काढताच छोटीला कडेवर घेतलं आणि तशीच भाजी चिरायला लागली. मी फलकात भर घातली: वटवाघळाची मादी तान्ह्या पिल्लाला अंगाशी घेऊन उडते. कमाल प्राणी.

७ मार्च
मजकूर प्रमुख मॅडमना पाठवला. म्हणाल्या, छान, पण पिल्लं बाहेर आल्यावर समुद्रघोडा काय करतो, ते राहिलंय. राहिलं नव्हतं. जागा नव्हती.

८ मार्च
बायकोने विचारलं, आईला बोलावू का. म्हटलं, तुझ्या समाधानासाठी बोलाव. माझं काही अडलेलं नाही. मध्यरात्र उलटली, अजून कूस बदलतोय.

९ मार्च
सासूबाई आल्या. छोटी हसली. आवाज काढून हसली.
राहिलेलं वाक्य लिहून टाकलं: जन्मानंतर नर पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही. मॅडम खूश. मला मात्र दिवसभर एका जागी बसवेना.

१० मार्च, संध्याकाळ
छोटी पेंगत होती. जवळ जाऊन हात पुढे केला. सासूबाई हळूच म्हणाल्या, जावईबापू, जरा बाहेर फिरून या, म्हणजे झोपेल ती. मी चपला घातल्या.
खाली बाकावर बसून लिहितोय. वर जावंसं वाटतंय, फार वाटतंय. आत्ताच आमच्या खोलीतला दिवा मालवला.
झोपली.