हॉल रिकामा दिसला तर घाबरू नकोस

अगं, चोरी झालेली नाही. मी हाताने बनवलेले दोन्ही ॲम्प्लिफायर आणि ते कपाटाएवढे स्पीकर विकून टाकले. परवा ऐकायला आले होते ना, त्याच गाण्याच्या मास्तरांना. त्यांना वायरी जोडता येत नाहीत, म्हणून टेम्पोत बसून मीही जातोय. जेवायला थांबू नकोस.

तुला न विचारता विकले म्हणून रागावशील. पण परवा मास्तर म्हणाले, "काका, उजव्या स्पीकरमधून बारीक शिट्टी येतेय." मी कान लावून बसलो, मला काहीच ऐकू येईना. तू चहा घेऊन आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "येतेय की!" मी हसण्यावारी नेलं. तू गेल्यावर एक सैल तार पक्की केली, शिट्टी थांबली म्हणे. माझ्या कानांत अशी तार सापडायची नाही. जे मला नीट ऐकू येत नाही, ते ऐकणाऱ्याच्या घरी गेलेलं बरं.

उद्या कानाच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर ये. एकट्याला धीर होत नाही. आणि यापुढे स्वयंपाकघरातून हाका मारू नकोस, समोर येऊन बोलत जा. ऐकूही येईल आणि तू दिसशीलही.