शुद्धिपत्रातले मामा

तीर्थस्वरूप मामांस,

धाकट्या भाचीचा वाकून आणि शिवाय कान पकडून नमस्कार. इकडे सगळं ठीक (म्हणजे नाही, पण पत्राची सुरुवात तरी रीतीने व्हावी). तुमची तब्येत कशी आहे? गुडघा नको, गुडघ्याचं मामी कळवते. एकंदर कशी आहे? आरशात नीट दिसता ना? हसू नका, खरंच विचारतेय.

माझी नोकरी तुम्हाला ठाऊकच आहे. राष्ट्रप्रमुखांच्या सरकारी निवासस्थानाचा इतिहास छापणारं आमचं त्रैमासिक. छपाई तीनशे प्रती, त्यातल्या दोनशे ऐंशी फुकट, उरलेल्या वीस परत येतात. संपादकांना कचेरीत स्वल्पविराम म्हणतात, कारण ते बोलतानाही दर दोन शब्दांनी थांबतात. तर गेल्या अंकात ‘वास्तूतली माणसं’ या सदरात अर्धा रकाना मोकळा राहिला. माळी झाला होता, आचारी झाला होता, घड्याळांना किल्ली देणाराही झाला होता, आणि छापखान्याचा माणूस दारात उभा. मी डोळे मिटले आणि एक नोकर जन्माला घातला: भिंतीवरच्या तसबिरी सरळ करणारा. तो तुम्हीच होतात, मामा. कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी तुम्ही भिंतीवरची फ्रेम सरळ करता. दातांच्या डॉक्टरकडे अर्धी दाढ हललेली असताना उठून त्यांचं प्रमाणपत्र सरळ केलंत आणि ते बिचारे हातात पक्कड घेऊन बघत राहिले. एवढा गुण वाया का घालवायचा, म्हणून मी तुम्हाला सरकारी नोकरीत चिकटवलं.

मग पत्रं येऊ लागली. (आमच्याकडे एरवी ‘अंक पाठवणं बंद करा’ एवढीच पत्रं येतात.) तिथल्या एका निवृत्त आचाऱ्याने लिहिलं की त्यांना कोण विसरेल, तसबीर सरळ झाली की दोन पावलं मागे सरून ‘हां, आता कसं!’ म्हणायचे. मामा, हे मी लिहिलं नव्हतं. हे तुम्ही म्हणता. दुसरं पत्र गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचं: ‘त्यांच्या डाव्या हातमोज्याची करंगळी मी अर्धीच शिवत असे.’ तुमची करंगळी टेबलफॅनमध्ये गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि ती गोष्ट मी आजवर कचेरीत कुणाजवळ काढलेली नाही.

स्वल्पविराम खूश. त्यांनी मला फोटो काढायला निवासस्थानी पाठवलं. भर दुपार, लांबलचक दालन, दोन्ही भिंतींवर जुने राष्ट्रप्रमुख, सगळे ताठ, एकच तिरका. माझे हात शिवशिवले (आपल्या घराण्याचा रोग). पहारेकरी म्हणाला, ‘‘राहू द्या ताई, ते करतील. जेवायला गेलेत.’’ कोण, म्हणून विचारलं तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वेडी मीच. मी निघाले, दारापर्यंत पोचले, आणि पाठीमागून तुमच्या त्या किंचित बसक्या आवाजात ऐकू आलं, ‘हां, आता कसं!’ वळून पाहिलं तर दालन रिकामं आणि तो तिरका सरळ झालेला. पहारेकऱ्याने मानसुद्धा वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं कबूल केलं. स्वल्पविराम म्हणाले, शुद्धिपत्र छापलं तर नोकरी राहील, नाहीतर नाही. मीच ते लिहिलं: ‘मागील अंकात उल्लेखिलेला इसम कधीही अस्तित्वात नव्हता. वाचकांनी तशी दुरुस्ती करून घ्यावी.’ पहिलं प्रूफ सोमवारी निघालं. सोमवारी संध्याकाळी मामीचा फोन, की चहा एकच कप टाकला गं, आणि पिताना सारखं वाटत होतं, आपण कुणाला तरी विसरतोय. मंगळवारी दुसरं प्रूफ. मंगळवारी आई जुना फोटो बघत म्हणाली, माझ्या शेजारी एवढी जागा कशाला सोडलीय? सख्खी बहीण, मामा!

आधी मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही. खोडतेय मी त्या माणसाला आणि पुसले जाताय तुम्ही, अशी मला भीती वाटते, आणि तुमच्याशिवाय मला करमायचं नाही हे तुम्हाला कधी सांगितलेलंही नाही. उद्या अकराला छपाई सुरू होते. मामीला म्हणावं, चहा दोन कप टाक, आणि टाकताना मामांकडे बघत राहा.

तुमची आगाऊ,
धाकटी भाची

ता. क. अकराच्या आत छापखान्यात जाऊन शुद्धिपत्र काढून घेतलं. स्वल्पविरामांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, तेही कुठेही न थांबता. दिला. तेव्हा पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे राहायला येतेय, पत्र आता त्यासाठीच समजा.

आणखी एक. पाकीट लिहायला बसले. पत्ता पाठ आहे, पिनकोडसुद्धा. आईला विचारलं, तर म्हणाली, आम्ही त्याला ‘भाऊ’च म्हणायचो. मामीला फोन केला, तर म्हणाली, मी आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आले. मग तिने आत तोंड करून ‘अहो’ अशी हाक मारली. मी फोन कानाला लावून बराच वेळ थांबले. पाकिटावर नुसतं ‘मामांस’ लिहून टाकतेय. उलट टपाली बाकी काही नको, एवढंच कळवा: मामा, तुमचं नाव काय हो?