बॉनेटवरचा पंजा

दुम्यात, रविवार दुपार

ती. करीमाताईस,

धाकट्या इनायतचे सलाम आणि दोन्ही गालांचे मुके. तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि मन्सूऱ्यातला तुमचा पाण्याचा नळ, तिघेही ताळ्यावर असतील अशी आशा करते. आमच्याकडे सगळे खुशाल, फक्त एकजण भानावर नाही. शाई फरफटलेली दिसेल, ती गोड मानून घे. ही माझी वाकडी करंगळी (लग्नाच्या पहिल्या वर्षी उस्तादांच्या कपाटाखाली चेंगरली तीच) कागदावरून घासत जाते आणि मागचं सगळं पुसत येते.

उस्ताद म्हणजे तुझे मेहुणे रिफअतच. गावातल्या निम्म्या दिवाणखान्यांच्या खुर्च्यांना पॉलिश यांच्या हातचं, म्हणून सगळे उस्ताद म्हणतात. मीही म्हणते, रागात असले की जरा जास्तच. तर गुरुवारी नस्माचं लग्न, आणि नवरी दारातून निघणार ती आजोबांच्या फियाटमधूनच, असं बापलेकीचं ठरलंय. हीच ती पासष्ट सालची फियाट, जिच्यातून मी नवरी होऊन आले, जी पुलावर बंद पडली आणि तुम्ही सगळ्यांनी ढकलत घरी आणली (तुझ्या चपलेची टाच मोडली, ते तू सव्वीस वर्षं ऐकवते आहेस). सात वर्षं ती खालच्या कारखान्यात उघडीबोडकी पडली होती. उस्ताद रोज दुकान बंद करून तिच्याकडे जायचे. दुसऱ्या एखाद्या बाईने सवत म्हणून बोटं मोडली असती. मी म्हटलं, निदान ही पोरं तरी काढत नाही.

पण ताई, रंग! खरं सांगते, असा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. बाजारातला एकही डबा यांना पसंत पडेना. शेवटी पाकातून नुकतं काढलेलं जिलबीसारखं सोनेरी मशब्बिक खिडकीत उजेडाला धरलं आणि म्हणाले, "हा." मग खुर्च्यांना मुलामा देऊन उरलेली सोनेरी भुकटी चिमटीचिमटीने घालत तीन महिने रंग कालवला. (मशब्बिक किती लागलं ते विचारू नकोस. माझी कंबर सांगेल.) त्यावर क्लिअर कोट, म्हणजे काचेसारखं पारदर्शक वार्निश, मारला तो त्या शुक्रवारी, तू जेवायला आली होतीस तेव्हा. दोनच हात मारले. तिसरा म्हणे रंगाचा जीव घुसमटवतो. आणि आम्हा सगळ्यांना दम भरला, की दुसरा दिवस उजाडेपर्यंत कारखान्यात माशीसुद्धा शिरता कामा नये.

आठवड्याने घासकाम सुरू झालं. आधी पाण्यात भिजवलेला दीड हजार नंबरचा पॉलिशपेपर, मग दोन हजार, मग तीन हजार. गाडी दुधाळ, आंधळी झाली, आणि मी मनातल्या मनात रडले. मग यांनी हाती कापूस घेतला. शेजारचे हाज सरवत, ज्यांचं आयुष्य गाड्या रंगवण्यात गेलं, ते फिरतं मशीन घेऊन आले. "अहो, कापसाने काय करता? तुमचं टेबल आहे का ते? दहा मिनिटांत उरकतो!" म्हणत त्यांनी डिकीच्या कडेला मशीन टेकवलं. चार मिनिटांत मशीनच्या गादीला सोनेरी डाग. क्लिअर पार होऊन रंग निघाला होता! उस्तादांनी हाजना चहा दिला, साखर घालायला विसरले, आणि ती कड परत करण्यात दोन दिवस घालवले. तेव्हापासून सगळी गाडी हाताने. माझा धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला निळा पायघोळ गलाबिया त्यात कामी आला. एक थेंब पॉलिशचा मसाला, त्याच्या चिंधीत गुंडाळलेला कापसाचा बोळा, आणि गोल, गोल, गोल. मध्येच थांबून गाल पत्र्याजवळ नेतात, उजेडाकडे तिरकं बघतात, जिभेने टक् करतात आणि पुन्हा गोल. काल नस्माने समोर वर्तमानपत्र धरलं, तर दारावर मृत्यूच्या बातम्यांची बारीक अक्षरं उलटी का होईना, स्वच्छ वाचता आली. माशाल्लाह! माझ्या नवऱ्याच्या हाताला अल्लाने काहीतरी वेगळं दिलंय ताई. हे त्यांच्या तोंडावर मी बोलणार नाही, चढून बसतील.

आता रडकथा. बॉनेटवर जसजशी चमक येत गेली, तसतसा क्लिअरमधून एक पंजा वर आला. पाची बोटं, तळव्यासकट! ओला असताना कुणीतरी हात टेकवलाय. कोण असेल ते कर्मदरिद्री, त्याच्या हाताला लकवा भरो! (असं मी गल्लीत उभी राहून चारचौघांत म्हटलं.) घासून काढावा तर दोनच हात क्लिअर, खाली रंगाला लागेल. राहू द्यावा तर उस्तादांचा बाणा तुला ठाऊक आहे, डागाळलेला माल त्यांनी जन्मात दुकानाबाहेर काढलेला नाही. थोडक्यात, पंजा जाईना तर गाडी निघेना, आणि नस्मा म्हणते दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही.

पहिला संशय अर्थातच यांच्या सबाह मावशीवर. लग्नाच्या बकऱ्याच्या रक्ताने बॉनेटवर पंजा उठवायचा, म्हणजे गाडीला दृष्ट लागणार नाही, असं त्या वर्षभर घोकताहेत. त्या कडाडल्या, "मी उठवला असता तर रक्ताचा उठवला असता, आणि ढोल वाजवून उठवला असता! चोरून कशाला?" मग उस्तादांनी आख्खी गल्ली बोलावली. एकेकाने हात पंजावर अधांतरी धरायचा, टेकवायचा नाही. हाज सरवत यांचा पंजा भाकरीएवढा. कसाई आला, इस्त्रीवाला आला, नस्माचा होणारा नवरा बिचारा घाम पुसत आला. तीस हात झाले, एकही जुळेना. मी चहा देत होते, मला कोण विचारतंय!

काल संध्याकाळी उस्ताद बॉनेटपुढे स्टुलावर नुसते बसून होते, बोळा हातात सुकून गेलेला. सात वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं ताई. तू बुधवारी येतेच आहेस, तेव्हा दोन शब्द समजावून सांग. मिनीबसवाल्याबरोबर मशब्बिकचा डबाही धाडते आहे. भाऊजींपासून लपव.

तुझीच,
इनायत

ता. क. बुधवारी नको, मंगळवारीच ये. आणि आल्याआल्या "तो हात माझा" म्हणून टाक. त्या शुक्रवारी तू इथे होतीसच. तू वडील, तुझ्यापुढे यांचा आवाज निघत नाही, आणि आईने आपल्या दोघींच्या बांगड्या एकाच मापाच्या घेतल्या होत्या. तो हात माझा गं. जेवणानंतर मी हळूच खाली गेले होते. ती अशी चमकत होती, की ओली आहे की मलाच तशी दिसते, कळेना. सव्वीस वर्षं या माणसाच्या हातचं काम पाहते आहे, पण त्या दिवशी हात लावल्याशिवाय राहवलंच नाही.

ता. क. सोमवार सकाळ. रात्रभर टेबलावर उघडं राहिलेलं पत्र पाकिटात घालणार, तोच उस्ताद वर आले आणि म्हणाले, "झालं." इतक्या वर्षांत कुठल्याही कामाबद्दल हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. धावत खाली गेले. पंजा जिथल्या तिथे, वरून इतका हळुवार घोटलाय की पाची बोटं काचेसारखी झळकताहेत. मी चाचरत विचारलं, "अहो, आणि हा?" ते बोळा धूत होते, मान वर न करता म्हणाले, "राहू दे. करीमाला लिहिते आहेस ना? जरूर ये म्हणावं. पण तिची करंगळी सरळ आहे."

तेव्हा ताई, तू आपली बुधवारीच ये.