तांबड्या शाईची चिठ्ठी आणि अकरा शिंका

तीर्थस्वरूप भावजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, राग मानू नये. सध्या मी जरा खाली वाकलो की नाकाचा नळ सुटतो, आणि तो तुमच्या चरणांवर सुटावा अशी माझी इच्छा नाही.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? ताई रक्तदाबाची गोळी रोज घेते ना, की अजूनही 'आज बरं वाटतंय' म्हणून गोळी डबीत परत ठेवते? तिला माझा निरोप सांगा की औषध डबीत ठेवून रोग उतरत नाही. हे शहाणपण मी पुस्तकातून घेतलेलं नाही. गेल्या दीड महिन्यात नाक रगडून मिळवलेलं आहे, आणि ते कसं मिळालं हेच या पत्रात सविस्तर लिहिणार आहे. तेव्हा चष्मा लावून, पाय वर घेऊन बसा.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून उठणार, आणि एकतीस वर्षं ज्या मनगटी घड्याळाकडे बघून शाळेची घंटा दिलीत त्याच घड्याळाकडे बघून शेवटची घंटा स्वतः देणार, हे ताईने मला सात वेळा फोन करून सांगितलं आहे. मध्येच थांबायला लागलं म्हणून तुम्ही ते घड्याळ माझ्याकडे पाठवलंत, आणि डबीवर तांबड्या शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीत: 'फक्त तुझ्या हातून. दुसऱ्या कोणासही हात लावू देऊ नये.' खाली दोन रेघा. ती चिठ्ठी वाचून माझी छाती दोन इंच फुगली. ज्या माणसाने माझ्या लग्नाच्या पत्रिकेतल्या चुकासुद्धा तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्रिका परत पाठवली होती, त्याचा माझ्या हातावर एवढा विश्वास. मी त्याच दुपारी घड्याळ उघडलं, एकेक भाग सुटा करून धुतला आणि काचेच्या झाकणाखाली ओळीने मांडून ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोरची झाडं फुलली.

फुलली म्हणायचं एवढंच. त्या फुलांना ना रंग, ना वास. पिवळट तुरे लोंबतात आणि वारा सुटला की गिरणीत पीठ उडावं तसा परागकणांचा धुरळा रस्ताभर उडतो. गेली दोन वर्षं माझं नाक या दिवसांत थोडं कुरकुरत होतं, यंदा त्याने थेट संप पुकारला. शिंका सुरू झाल्या की अकरा. दहा नाहीत, बारा नाहीत. आता तुम्ही म्हणाल, शिंकावं माणसाने, त्यात काय एवढं. पण भावजी, आमच्या धंद्यात श्वासाला फार मान आहे. बारीक भाग बसवताना घड्याळजी श्वास रोखून धरतो, आणि श्वास रोखला की माझ्या नाकाला वाटतं, हीच ती वेळ. पहिल्याच दिवशी तुमच्या घड्याळाचा खसखशीएवढा स्क्रू चिमट्यातून उडाला. मी आणि ही, दोघं पाऊण तास फरशीवर रांगत होतो. शेवटी तो हिला माझ्या भुवईत सापडला. (घाबरू नका. स्क्रू आता जागेवर आहे. भुवईही आहे.)

हिचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. ही बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथे नेमकं काय करते हे मलाही बावीस वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पांढऱ्या कागदावर बी पसरायचं, डोळ्याला भिंग लावायचं, चिमट्याने एकेक दाणा उचलून चारशे मोजायचे, आणि त्यांत लपलेलं तणाचं बी बरोबर वेगळं काढायचं. दिवसभर हेच. एवढी वर्षं असं मोजून तिच्या स्वभावातच मोजदाद मुरली आहे. तिने लगेच एक वही केली. तारीख, वारा किती, खिडकी उघडी की बंद, औषध कोणतं, शिंका किती. मला बजावलं की एका वेळी एकच उपाय करायचा, दोन उपाय एकत्र केले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे देवालाही कळणार नाही. मी मान डोलावली आणि ती कामावर गेल्यावर लगेच मधवाल्याकडे गेलो.

आमच्या गल्लीच्या टोकाला जो मधवाला बसतो, त्याचं म्हणणं असं की इथल्याच फुलांचा मध खाल्ला की शरीराला इथल्या परागाची सवय होते, आणि मग नाक तक्रार करत नाही. बोलतो इतकं गोड की अर्धी बाटली ऐकतानाच पोटात जाते. मी सकाळ-संध्याकाळ मोठा चमचा भरून मध खाऊ लागलो. चार दिवसांत शिंका अकराच्या अकराच राहिल्या, पण बोटं, स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि दुकानाचं कुलूप हे सगळं एकमेकांना चिकटायला लागलं. मग मुंग्या आल्या. एक मुंगी एका बाईंच्या बंद पडलेल्या घड्याळाच्या काचेखाली शिरून तबकडीवर गोल फिरत होती. बाई म्हणाल्या, वा, चालू झालं की. खोटं कशाला बोलू, मी एक क्षण गप्प राहिलो. हिने वहीत 'मध: शून्य' असं लिहिलं आणि एकच वाक्य बोलली. मधमाशी ज्या फुलावर जाते त्या फुलाने तुम्ही शिंकत नाही, आणि ज्याने शिंकता त्याच्याकडे माशी ढुंकूनही बघत नाही, ते वाऱ्यावर उडतं. मी थक्क झालो. एवढं ज्ञान माझ्याच घरात पोळ्या लाटत होतं आणि मी ते चौकात विकत घेत होतो.

पुढे वाफ घेऊन पाहिली. डोक्यावरून टॉवेल, समोर उकळत्या पाण्याचं पातेलं. बरं वाटतं, नाही असं नाही, पण वीस मिनिटं, आणि तेवढ्यात नाकाच्या शेंड्यावर भाजून घेतलं ते वेगळं. मग हिने मिठाच्या पाण्याने नाक धुवायला शिकवलं. पाणी उकळून गार केलेलं, मीठ मोजून. पहिल्या दिवशी ते पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून येण्याऐवजी घशात, कानात आणि शर्टाच्या खिशात गेलं, पण तिसऱ्या दिवशी जमलं, आणि शिंका अकरावरून सातवर आल्या. हा उपाय मला मनापासून पटला. घड्याळही आधी धुतात, मगच तेल देतात. तिने आणखी दोन कलमं लावली. बाहेरून आलं की लगेच कपडे बदलायचे आणि डोक्यावरून अंघोळ करायची, आणि वारा सुटलेला असेल तेव्हा खिडकी बंद. वहीत आकडा सहा झाला. पण भावजी, सहा शिंकांतही घड्याळ जोडता येत नाही. एका शिंकेतही येत नाही.

मध्येच मी आणखी एक आगाऊपणा केला, तो लपवत नाही. औषधाच्या दुकानातून शिंकांची एक जुनी पिवळी गोळी आणली. शिंका थांबल्या, मीही थांबलो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, अशा अवस्थेत मी कामाच्या बाकापाशी बसल्या बसल्या झोपलो. जागा झालो तर समोर एक गिऱ्हाईक अदबीने हात जोडून उभं. वीस मिनिटं उभा होता बिचारा. म्हणाला, तुमची एकाग्रता मोडवेना. त्याने ही हकिगत गावभर सांगितली आणि आता लोक मला योगी समजतात. हिने मात्र वहीत 'गोळी: शिंका शून्य, काम शून्य' असं लिहिलं आणि मला धरून नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंचं काय वर्णन करू. माझ्या नाकात दिवा धरून त्या अशा बघत होत्या की वाटलं, आता म्हणतील तेल सुकलंय. झोप न आणणारी दुसरी गोळी दिली आणि नाकात मारायचा फवारा दिला. रोज, न चुकता, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन वेळा, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला. आणि स्पष्ट सांगितलं की हा फवारा एका दिवसात चमत्कार करत नाही, रोज घेतला तर हळूहळू, दहा-बारा दिवसांत पुरता गुण येतो. आता इथे माझ्या हातून जी चूक झाली ती फक्त घड्याळजीच करू शकतो. आम्हाला गुरूंनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं की तेल कमीत कमी. सुईच्या टोकावर मावेल तेवढं. जास्त तेलाने जेवढी घड्याळं मेली तेवढी पाण्यानेही मेली नसतील. त्या हिशेबाने मी तो फवारा तीन दिवसांतून एकदा, अर्धवट दाबून, एकाच नाकपुडीत मारत होतो, आणि वर जास्तीचं टिपकागदाने टिपून घेत होतो. दोन आठवडे.

पुन्हा गेलो तेव्हा बाईंनी बाटली नुसती हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, ही शोभेला ठेवली होती का? मी तेलाचं तत्त्वज्ञान सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं (हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा) आणि म्हणाल्या, तुमचं नाक घड्याळ असतं तर मी तुम्हालाच दिलं असतं दुरुस्तीला. आता आजपासून नीट घ्या, दहा दिवस तरी धरा. मी बोटांवर मोजलं. तुमचा शनिवार बारा दिवसांवर. पार्सल पोचायला चार दिवस. म्हणजे माझ्या हातात आठ, आणि नाकाला हवेत दहा. तुम्ही शेवटची घंटा भिंतीवरच्या कुठल्यातरी घड्याळाकडे बघून देताय असं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. 'सुटा भाग मिळत नाही' असं खोटं पत्र तुम्हाला लिहायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला.

असो. देवाची कृपा, डॉक्टरीणबाईंचा फवारा आणि हिची वही यांच्या पुण्याईने सगळं निभावलं. घड्याळ वेळेत जुळलं, तीन दिवस तपासून झालं, आणि या पत्रासोबतच्या डबीत मऊ कापडात गुंडाळून ठेवलं आहे. समारंभाला आम्हाला येता येणार नाही याचं फार वाईट वाटतं, पण हिची रजा संपली आहे. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला गरम पाण्याचा शेक. तुमच्या आयुष्याची पुढची सगळी वर्षं घंटेशिवाय आणि निवांत जावोत.

आपला आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत) मेहुणा

ता. क. १: घड्याळाला चावी सकाळी द्यावी, अडली की थांबावं, जोर लावू नये.

ता. क. २: वर मी घड्याळ जुळलं एवढंच लिहिलं आहे, कोणी जुळवलं ते लिहिलेलं नाही. तुमच्या नजरेतून हे सुटलं नसणार. घड्याळ हिने जुळवलं. तीन दुपारी, अर्ध्या-अर्ध्या दिवसाची रजा काढून. तुमच्या समारंभासाठी राखून ठेवलेली रजा ती हीच. मी तुमची चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, हात कोण लावतंय, मी चिमटा लावते. मला नाकाला रुमाल बांधून काचेच्या दाराबाहेर बसवलं. मी बाहेरून क्रम ओरडून सांगत होतो. दुसऱ्या दुपारी मीच एका चाकाचा क्रम चुकवला, तेव्हा तिने वर न बघता हाताने खूण करून मला गप्प केलं. मग मी नुसता बघत राहिलो. भावजी, तिचा हात हलत नाही. जराही हलत नाही. मला आधी हेवा वाटला, मग लाज वाटली, आणि मग तिला कोणी पाणी प्यायलासुद्धा उठवू नये असं वाटलं. बाकापाशी आता दुसरी खुर्ची आणली आहे, माझं नाक बरं झालं तरी ती तिथेच राहील.

ता. क. ३: खरी विनंती ही. दर समारंभात तुम्ही मनगट वर करून 'हे माझ्या मेहुण्याच्या हातचं' असं सांगता. शनिवारी तसं म्हणू नका, हिचं नाव घ्या. तिला मी हे लिहिल्याचं माहीत नाही. 'घड्याळ तुमच्याच नावाने जाऊ दे, भावजींना बरं वाटेल,' असं ती मला म्हणाली. ताईला सांगा, भाषणाच्या वेळी फोन लावून तो वर धरायचा. इकडे फोन हिच्या कानाला असेल याची व्यवस्था मी करतो. चिठ्ठीतली आज्ञा मोडल्याचा राग आला असेल तर घड्याळ परत पाठवा, मी ते माझ्या हाताने उघडून माझ्या हाताने जोडून देतो. पण त्याआधी एक कबुली ऐका. आजवर तीनदा मी हे घड्याळ जोडलं, तिन्ही वेळा ते दिवसाला एक मिनिट मागे पडायचं, आणि या बनावटीची घड्याळं एवढी मागे पडतातच असं मी तुम्हाला ठासून सांगत आलो. पडत नाहीत. हिच्या हातचं तीन दिवसांत जराही मागे पडलं नाही. तुम्ही रोज सकाळी काटा एक मिनिट पुढे ढकलत आलात, तसा शनिवारी ढकलू नका. शेवटची घंटा वेळेआधी होईल.