हिरड्याखालची शाळा

प्रिय हसीना,

वर आधी 'मॅडम' लिहिलं होतं, ते खोडलंय. शाळेच्या दाराबाहेर मला हसीना म्हण, असं तूच सांगितलं होतंस आणि मला ते जमायला वर्ष लागलं होतं. आता पुन्हा हातून 'मॅडम' लिहिलं गेलं, याचं वाईट वाटलं. फोन तू उचलत नाहीस. इथं रेंज टेकाडावर चढल्याशिवाय मिळत नाही, आणि तिथं उभं राहून चारचौघांत बोलण्यासारखं हे नाहीच. सुनील सर सुट्टीला उद्या जुन्नरला निघालेत, त्यांच्याजवळ हे देते.

इकडचं सांगते. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेत. बाळहिरडा यंदा बरा निघाला, अंगणभर वाळत घातलाय, पाय ठेवायला जागा नाही. सासूबाईंचा गुडघा धरलाय, तरी झाडाखाली जायचं काही सोडत नाहीत. संस्कृतीचे पप्पा आळे गावाला कांदा काढायला मजुरीनं गेले होते, ते आलेत. मी त्यांना अजून असंच म्हणते बघ, दुसरं काही तोंडात येत नाही. शाळेचं विचारशील तर सुनील सर चांगले आहेत. वेळेवर येतात, पोरांना मारत नाहीत. पण हिरडा सुरू झाला तशी पोरं झाडांकडं गेली ती थेट परीक्षेला उगवली. काही तर तेव्हाही नाही.

तुझ्या पहिल्या वर्षी असंच झालं होतं. वर्ग रिकामा पडला आणि तू चढण चढून आमच्या झाडांपाशी आलीस. जुन्नरच्या बाजारातल्या त्या नाजूक चपला, ओढणी करवंदीच्या काट्यात अडकलेली. सासूबाई ओरडल्या, "लपा रं, बाई आली!" पोरं जाळीमागं पळाली. तू मात्र कुणालाच हाक मारली नाहीस. खाली बसलीस आणि हिरडा वेचायला लागलीस. सासूबाईंना राहवेना. "बाई, किडका हाय त्यो, टाका. आन् असा फतकल मारून न्हाई येचत." तू म्हणालीस, "मग शिकवा ना आजी." शहरातली बाई आपल्या आजीकडून शिकतेय, चुकतेय, बोलणी खातेय, हे बघायला एकेक पोर जाळीमागून बाहेर आलं. दुपारी त्यांच्याबरोबर बसून तू हिरड्याचे छोटे ढीग केलेस, आणि हसता हसता पाढे कधी सुरू झाले ते पोरांनाही कळलं नाही. शाळेत या, असं तू त्या दिवशी म्हणालीच नाहीस. मग तू सकाळची शाळा लवकर भरवायला लागलीस आणि शाळा सुटली की पोरांच्या मागं झाडाखाली यायचीस. बाई आपल्याकडं येते तर आपण तिच्याकडं जायला पाहिजे, एवढं पोरांना बरोबर कळलं.

संस्कृती तेव्हा चौथीत होती आणि शाळेत एक शब्द बोलायची नाही. तुझ्या आधीच्या गुरुजींनी तिला उभं करून तिचं 'व्हतं' सगळ्या वर्गाकडून वदवून घेतलं होतं, आणि पोरं खदाखदा हसली होती. तिनं तोंडच मिटलं. तू तिला कधी उभं केलं नाहीस. आमच्या चुलीपाशी येऊन बसायचीस, नाचणीची भाकरी मागून खायचीस आणि ती आजीला वासराची गोष्ट सांगायची ती नुसती ऐकायचीस. एक दिवस ती शाळेतून धावत आली, धाप लागलेली. "आई, बाईनी माझा शब्द फळ्यावर लिव्हला!" एका बाजूला 'होतं', एका बाजूला 'व्हतं'. हे पुस्तकातलं, हे घरातलं, दोन्ही आपलंच, असं तू म्हणाली होतीस म्हणे. त्यानंतर तिला गप्प करायला आम्हाला ओरडायला लागायचं.

सातवीनंतर आमच्या वाडीतल्या पोरींची शाळा संपते. माझी तशीच संपली होती. तू म्हणालीस, माझ्या घरी राहू दे, आठवी जुन्नरला करेल. वाडीत चार तोंडं बोलली, मुसलमानाच्या घरात पोर ठेवणार का म्हणून. सासूबाईंनी एकदाच सांगितलं, "बाईनं आमच्या चुलीवरची भाकर खाल्ली तवा कुनी इचारलं व्हतं का? जाऊ द्या पोरीला." तुझी अम्मी संस्कृतीच्या सोमवारच्या उपासाला साबुदाणा भिजवायची. घरून परत यायच्या दिवशी तुझे अब्बा, तिचे इब्राहिमचाचा, बांगड्यांचं दुकान दुसऱ्यावर सोपवून एसटी स्टँडवर येऊन उभे राहायचे. हे सगळं ती सुट्टीला आली की सांगायची. इब्राहिमचाचा असे, अम्मी अशी. मला जरा हेवाही वाटायचा, खरं सांगते.

मग नवरात्र झालं आणि तिला ताप आला. तू त्याच दिवशी डॉक्टरकडं नेलंस. डेंग्यू निघाला, पुण्याला हलवलं. आम्ही पोचलो तेव्हा तू दवाखान्याच्या फरशीवर बसलेली होतीस, तिला घेऊन निघालीस त्याच कपड्यांत. डॉक्टर बाहेर आले, आणि तिचे पप्पा तुझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्याकडंच व्हती ना पोर?" एवढंच. मी तुझ्या बाजूनं उभी राहिले नाही आणि त्यांच्याही नाही. तुझे अब्बा गाडीतून तिच्यासोबत वाडीपर्यंत आले. त्या वयात चढणीवर त्यांनी खांदा दिला. तू खाली शाळेपाशीच थांबलीस. त्यानंतर तू रजा टाकलीस, तुझ्या जागी सुनील सर आले, आणि तू वाडीत पाऊल ठेवलं नाहीस.

परवा सुनील सर बोलता बोलता म्हणाले की तू आळ्याकडच्या मोठ्या शाळेत बदली मागितली आहेस. त्यांना म्हणालीस, शिकवायचं आणि घरी जायचं, आता कुणाच्या घरात शिरायचं नाही, कुणाच्या पोराला जीव लावायचा नाही. हसीना, मी तुला समजावणार नाही. मलाही वाटून गेलंय, एकदा नाही, किती वेळा, की तू त्या दिवशी झाडाखाली आली नसतीस तर माझी पोर आज हिरडा वेचत असती. शाळेत बोलली नसती. पण असती. मुकी का होईना, असती. आणि मग तिचा तो धावत आलेला चेहरा आठवतो आणि मला काहीच ठरवता येत नाही. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं होतं की तुम्ही उशीर केला नव्हता. ते तुलाही सांगितलं का त्यांनी? सांगितलं नसेल तर आता मी सांगते. उशीर झाला नव्हता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमची धाकटी भागू सातवी पास झाली. तिच्याबरोबरच्या आणखी दोघी आहेत. त्यांच्या आया विहिरीवर मला विचारतात, "प्रतिभा, तू भागूला धाडतीस का? तू धाडलीस तर आमी बी धाडू." मी कळशी उचलून घराकडं निघते. परवा जेवताना भागू पप्पांना म्हणाली, "मला बाईंकडंच जायचंय." ते ताटावरून उठले, मागच्या पडवीत गेले. आत आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाईला इचार. ती हा म्हनली तर धाड." ज्या तोंडानं ते दवाखान्यात बोलले होते, त्याच तोंडानं. मला भीती वाटते, हसीना. पोरगी नुसती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघते. तरी विचारतेय, तिला तुझ्या घरी ठेवून घेशील का? तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, देवाशपथ. पण मग तेवढं एकदा वाडीत ये आणि भागूला तूच सांग. मला ते तिला सांगता येणार नाही.

तुझीच,
प्रतिभा